ताठरतेची बेरीज : तुळईच्या गणितापासून फायनाइट एलिमेंटपर्यंत

तुळईला दोनच आधार असतील, तर प्रत्येक आधारावर किती भार येतो हे तरफेच्या नियमाने सांगता येते. तिसरा आधार दिला की तोच नियम अपुरा पडतो, कारण समतोलाची समीकरणे तितकीच राहतात आणि अज्ञात प्रतिक्रिया मात्र एकाने वाढते. ही तूट भरून काढायची तर तुळई कोठे किती वाकते याचा हिशेब गणितात आणावा लागतो, आणि त्यासाठी तिची ताठरता, म्हणजे ठरावीक विस्थापन घडवायला तिच्यावर किती बल लावावे लागते हे प्रमाण, माहीत असावे लागते. केवळ समतोलाच्या नियमांनी न सुटणाऱ्या अशा संरचनांना स्थितिकीच्या परिभाषेत अनिर्णीत संरचना म्हणतात. त्या सोडवण्याचा सर्वमान्य मार्ग सापडायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि अखेर जो मार्ग रूढ झाला त्याचा गाभा एका अगदी साध्या क्रियेत आहे : संरचनेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याच्या ताठरतेचे आकडे एका मोठ्या तक्त्यातील नेमक्या घरांत लिहायचे, आणि एकाच घरात दोन तुकड्यांचे आकडे आले तर त्यांची बेरीज करायची. शाळकरी मुलालाही जमेल अशी ही बेरीज इतकी उशिरा प्रतिष्ठित का झाली, याचे उत्तर गणितापेक्षा गणित करणाऱ्याच्या हाताशी असलेल्या साधनांत अधिक सापडते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रेल्वेच्या लोखंडी पुलांनी हा प्रश्न निकडीचा केला. वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीवर रॉबर्ट स्टीफन्सन यांनी उभारलेला आणि १८५० मध्ये वाहतुकीस खुला झालेला ब्रिटानिया पूल म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या प्रचंड पोकळ नळ्या होत्या; या नळ्यांचे भाग सुटे उचलून मनोऱ्यांवर ठेवण्यात आले आणि मग एकमेकांना जोडून सलग करण्यात आले. जोडताना एका भागाचे दूरचे टोक मुद्दाम वर उचलून धरले, म्हणजे ते खाली सोडल्यावर सांध्यात अपेक्षित ताण आपोआप उतरावा, अशी योजना होती. सलग तुळईचे आधारांवरील वर्तन अभियंत्यांना व्यवहारात किती नेमके उमगले होते, याचा हा उत्तम दाखला होय. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लापेरों यांना पॅरिसजवळच्या आस्निएर येथील पुलाच्या निमित्ताने सलग तुळईचे गणित करावे लागले, आणि १८५७ मध्ये त्यांनी फ्रेंच अकादमीपुढे जो सिद्धांत मांडला तो ‘तीन मोमेंटांचे समीकरण’ म्हणून आजही पाठ्यपुस्तकांत आहे. मोमेंट म्हणजे तुळईला वाकवणारा बलाचा परिणाम. लागोपाठच्या कोणत्याही तीन आधारांवरील मोमेंट एका समीकरणाने बांधलेले असतात, हे क्लापेरों यांनी दाखवले. बेर्तो या दुसऱ्या फ्रेंच अभियंत्याने तेच समीकरण दोन वर्षे आधी प्रसिद्ध केले होते, पण नाव क्लापेरों यांचे झाले.

या पद्धतीत अज्ञात राशी म्हणून बले किंवा मोमेंट धरले जातात, म्हणून तिला बल पद्धत म्हणतात. मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये, मोर यांनी १८७४ मध्ये आणि कास्तिल्यानो यांनी १८७९ च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार केला. तिच्यात आधी संरचनेतील ‘जादा’ प्रतिक्रिया किंवा जादा दांडे निवडून ते काल्पनिकपणे काढून टाकावे लागतात, उरलेल्या सोप्या संरचनेचे गणित करावे लागते, आणि मग काढलेल्या ठिकाणी फट पडू नये अशी अट घालून जादा बले शोधावी लागतात. वस्तुतः दुसरा रस्ताही तेव्हाच दिसलेला होता. नाव्हिए यांनी १८२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत एका बिंदूत मिळणाऱ्या अनेक दांड्यांचा प्रश्न सोडवताना दांड्यांतील बले अज्ञात न धरता त्या बिंदूचे विस्थापन अज्ञात धरले होते, आणि क्लेब्श या जर्मन गणितज्ञाने १८६२ च्या आपल्या स्थितिस्थापकतेवरील ग्रंथात हीच कल्पना अवकाशातील दांड्यांच्या सांगाड्यांसाठी पद्धतशीर मांडली होती. विस्थापने अज्ञात धरणाऱ्या या मार्गाला विस्थापन पद्धत म्हणतात.

हा मार्ग मागे का पडला, हे एका साध्या हिशेबातून कळते. एकाच पातळीत असलेली, २० सांध्यांची आणि तीन प्रतिक्रियांवर टेकलेली एखादी कैची, म्हणजे दांड्यांचा सांगाडा, घेतली आणि तिच्यात गरजेपेक्षा एकच दांडा अधिक असला, तर बल पद्धतीत एकच अज्ञात राशी उरते. विस्थापन पद्धतीत मात्र प्रत्येक सांध्याची दोन विस्थापने धरून आणि आधारांवरील तीन वजा करून ३७ अज्ञात राशी, म्हणजे ३७ एकसामयिक समीकरणे होतात. कागद, पेन्सिल आणि फार तर सरकपट्टी हाती असलेल्या माणसाने यांपैकी कोणता मार्ग निवडावा, याबद्दल दुमत होण्याचे कारण नव्हते. त्यामुळे विस्थापन पद्धत अर्धशतकभर ग्रंथांतच राहिली.

तिला व्यवहारात आणले ते प्रबलित काँक्रीटने, म्हणजे आपल्याकडे ज्याला आरसीसी म्हणतात त्याने. एकसंध ओतलेल्या काँक्रीटच्या चौकटीत तुळई आणि खांब सांध्यावर एकजीव होतात, सांधा वळला की त्याला जोडलेले सगळे अवयव तेवढ्याच कोनातून वळतात, आणि अशा बहुमजली चौकटीत जादा बलांची संख्या इतकी वाढते की बल पद्धतीचा मूळ फायदाच नाहीसा होतो. उलट सांध्यांची वळणे अज्ञात धरली तर समीकरणे कमी येतात. १९१४ मध्ये आक्सेल बेंडिक्सन यांनी बर्लिनमध्ये आणि १९१५ मध्ये जॉर्ज मेनी यांनी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ही मांडणी केली. इंग्रजीत ती स्लोप-डिफ्लेक्शन पद्धत म्हणून रूढ झाली, आणि १९२६ मध्ये कोपनहेगनच्या ऑस्टेनफेल्ड यांनी विस्थापन पद्धतीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. या मांडणीचे सार असे : पदार्थाचा स्थितिस्थापकता गुणांक ‘ई’ आणि छेदाच्या आकारावरून ठरणारा ‘आय’, ज्याला अभियंते मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात, यांचा गुणाकार ‘ईआय’ धरला, तर तुळईचे दूरचे टोक घट्ट धरून जवळचे टोक एक एकक कोनातून वळवायला ईआयच्या चौपटीला लांबीने भागून येईल इतका मोमेंट लागतो, आणि त्याच वेळी दूरच्या टोकाशी त्याच्या निम्मा मोमेंट उत्पन्न होतो. आजच्या तुळईच्या मॅट्रिक्समध्ये, म्हणजे ताठरतेच्या तक्त्यात, दिसणारे चार आणि दोन हे आकडे ते हेच. म्हणजे ‘संगणकाची पद्धत’ म्हणून विद्यार्थ्यांना शिकवल्या जाणाऱ्या तक्त्यातील हे मुख्य आकडे पहिल्या महायुद्धाच्या काळात छापील स्वरूपात उपलब्ध होते.

मे १९३० मध्ये अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सच्या नियतकालिकात इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक हार्डी क्रॉस यांचा अवघ्या दहा पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला, आणि पुढची तीस वर्षे जगभरच्या डिझाइन कचेऱ्या त्या दहा पानांवर चालल्या असे म्हणणे फारसे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. क्रॉस यांची मोमेंट डिस्ट्रिब्यूशन पद्धत समीकरणे लिहीतच नाही. ती सगळे सांधे आधी काल्पनिकपणे कुलूपबंद करते, भारामुळे टोकांवर येणारे मोमेंट काढते, मग एकेक सांधा मोकळा करून तिथला असंतुलित मोमेंट त्याला जोडलेल्या अवयवांत ताठरतेच्या प्रमाणात वाटून देते, प्रत्येक वाट्याचा निम्मा भाग दूरच्या टोकाला पोहोचवते, आणि उरलेला असमतोल नगण्य होईपर्यंत हे चक्र चालू ठेवते.

या पद्धतीचे आणि पुढच्या मॅट्रिक्स पद्धतीचे नाते किती जवळचे आहे, हे आकड्यांतच पाहणे बरे. अ, ब, क अशा तीन बिंदूंवरची सलग तुळई घ्यावी; अ ते ब अंतर ४ मीटर, ब ते क अंतर ६ मीटर, दोन्ही गाळ्यांत ईआय सारखाच, अ आणि क ही टोके भिंतीत घट्ट रोवलेली, ब हा साधा आधार, आणि भार फक्त ६ मीटरच्या गाळ्यावर, दर मीटरला १० किलोन्यूटन. ब सांधा कुलूपबंद असताना या गाळ्याच्या दोन्ही टोकांवर ३० किलोन्यूटन-मीटरचा मोमेंट येतो. क्रॉस यांच्या रीतीने ब येथील ताठरता काढली, तर पहिल्या गाळ्याची ईआयइतकी आणि दुसऱ्याची ईआयच्या दोन-तृतीयांश भरते. म्हणून ३० चे वाटप ०.६ आणि ०.४ या प्रमाणात होते, पहिल्या गाळ्याला १८ आणि दुसऱ्याला १२ मिळतात, आणि त्यांचे निम्मे, म्हणजे ९ आणि ६, अनुक्रमे अ आणि क या टोकांना जातात. दुसऱ्या गाळ्यात ब येथे ३० मधून १२ वजा जाऊन १८ उरतात, पहिल्या गाळ्यातही १८ आहेत, सांधा समतोलात आला. क येथे ३० अधिक ६ असे ३६ होतात. आता हेच मॅट्रिक्सच्या रीतीने करायचे तर ब येथील दोन ताठरतांची बेरीज करायची, ती ईआयच्या एक पूर्णांक दोन-तृतीयांश पट येते, ३० ला तिने भागायचे, म्हणजे ब येथील वळण १८ भागिले ईआय इतके मिळते, आणि त्या वळणाला प्रत्येक गाळ्याच्या ताठरतेने गुणले की पुन्हा तेच १८ आणि १२ हाती येतात. क्रॉस यांच्या वाटप-गुणकाचा छेद म्हणजे मोठ्या तक्त्यातील कर्णावरच्या घरातील बेरीजच होय. फरक इतकाच की क्रॉस यांचा अभियंता तो तक्ता कागदावर कधी मांडत नाही. अनेक सांधे असले की त्याचे चक्र हे त्या न मांडलेल्या समीकरणांचे क्रमाक्रमाने उत्तराकडे सरकणारे निरसन असते.

गणित मांडण्याची भाषा मात्र दुसऱ्याच दिशेने आली. मॅट्रिक्स म्हणजे आडव्या ओळी आणि उभ्या स्तंभांत मांडलेला आकड्यांचा तक्ता, ज्याची एकच वस्तू समजून बेरीज व गुणाकार करता येतो. गणितज्ञ केली यांनी १८५८ मध्ये त्याचे बीजगणित सिद्ध केले, पण पाऊणशे वर्षे ते गणितज्ञांपुरते राहिले. लंडनजवळच्या टेडिंग्टन येथील नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डंकन आणि कॉलर विमानाच्या पंखांच्या धोकादायक थरथरीचा, ज्याला फ्लटर म्हणतात त्याचा, अभ्यास करत होते. त्यांनी १९३४ मध्ये कंपनांची समीकरणे मॅट्रिक्सच्या रूपात मांडली, आणि फ्रेझर यांच्यासह १९३८ मध्ये लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने ही भाषा विमान-अभियंत्यांच्या हाती दिली. पूल आणि इमारती बांधणाऱ्यांना त्या वेळी तिची गरज भासली नाही, कारण क्रॉस यांची पद्धत त्यांना पुरेशी होती. साधन चांगले असले की त्याच्या पलीकडे पाहण्याची निकड राहत नाही, याचे हे उदाहरण आहे.

यंत्राची बाजूही याच सुमारास हलू लागली होती, आणि तिचा एक धागा थेट अनिर्णीत संरचनांशी जोडलेला आहे. बर्लिनमध्ये स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेले कोनराड त्सुझे संरचनांच्या कंटाळवाण्या आकडेमोडीला वैतागून गणकयंत्राकडे वळले. १९३८ मध्ये त्यांचे पहिले यंत्र आई-वडिलांच्या घरातील दिवाणखान्यात तयार झाले आणि १९४१ मध्ये त्यांनी झेड-३ हे प्रोग्रॅमवर चालणारे यंत्र दाखवले. युद्धानंतर इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठात फेरांटी मार्क-१ हे यंत्र आले, आणि तेथे लिव्हझ्ली यांनी १९५३ मध्ये दृढ सांध्यांच्या चौकटींचे गणित इलेक्ट्रॉनिक यंत्रावर करून दाखवणारा लेख ‘इंजिनिअरिंग’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केला. तुळई आणि खांबांच्या चौकटींपुरते पाहिले, तर हा लेख ज्याला आज ताठरता पद्धत म्हणतात तिच्या आरंभीच्या टप्प्यांतील सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल, आणि फायनाइट एलिमेंटच्या, म्हणजे तुकडे पाडून जोडण्याच्या या पद्धतीच्या, लोकप्रिय इतिहासांत त्याला मिळणारी जागा त्या मानाने थोडी आहे.

त्या इतिहासांचा नायक दुसरीकडे, अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिएटल शहरात, बोइंग कंपनीत सापडतो. लांब आणि अरुंद पंख म्हणजे एका टोकाला धरलेली तुळईच, असे समजून विमान-अभियंत्यांचे काम अनेक वर्षे भागले होते. ध्वनीच्या वेगाजवळ उडणाऱ्या विमानांसाठी त्रिकोणी आकाराचे, रुंद आणि आखूड डेल्टा पंख आले तेव्हा हे समीकरण मोडले, कारण असा पंख तुळईसारखा वाकत नाही, तो एखाद्या जाड पत्र्यासारखा दोन्ही दिशांनी वाकतो आणि पिळतो. १९५२ च्या उन्हाळ्यात बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील तरुण प्राध्यापक रे क्लफ सुट्टीतील कामासाठी बोइंगच्या स्ट्रक्चरल डायनॅमिक्स विभागात आले, आणि विभागप्रमुख जॉन टर्नर यांनी त्यांच्याकडे हाच प्रश्न सोपवला. पहिल्या उन्हाळ्यात क्लफ यांनी पंखाची मांडणी तुळयांच्या जाळ्याच्या रूपात केली; तिची उत्तरे प्रतिकृतीवरील मोजमापांशी जुळली नाहीत. १९५३ मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा टर्नर यांनी पंखाच्या पत्र्याचे लहान त्रिकोणी तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची ताठरता काढावी, असे सुचवले.

येथे तुळई आणि त्रिकोण यांतील एक मूलभूत फरक लक्षात घ्यायला हवा. सारख्या छेदाच्या तुळईला तिच्या टोकांवरच बले लावली, तर तिच्या वाकण्याचा आकार तिसऱ्या घाताचा वक्र असतो हे साध्या तुळईच्या सिद्धांतात अचूक माहीत आहे. म्हणून तिची ताठरता अचूक असते, आणि भार सांध्यांवर असताना तिचे अधिक तुकडे पाडून काहीही मिळत नाही. पत्र्याच्या त्रिकोणी तुकड्याच्या आत ताण नेमका कसा पसरतो हे माहीत नसते, तेथे तो सर्वत्र सारखा आहे असे गृहीत धरावे लागते, आणि उत्तर खरे यायचे तर तुकडे पुरेसे लहान हवेत. तुळयांसाठी जुनी झालेली बेरीज अशा अंदाजी तुकड्यांनाही तशीच लागू पडते, हे धाडस म्हणजे १९५३ ची खरी नवलाई होय. टर्नर, क्लफ, वॉशिंग्टन विद्यापीठातील हॅरल्ड मार्टिन आणि बोइंगचे टॉप या चौघांचा याविषयीचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत वाचला गेला आणि सप्टेंबर १९५६ मध्ये छापून आला.

तुकड्यांचे तक्ते जोडायचे कसे, हा प्रश्न मात्र तेव्हा सर्वत्र एकाच रीतीने सुटत नव्हता. त्या काळची प्रतिष्ठित रीत अशी की सगळ्या तुकड्यांचे तक्ते एका मोठ्या तक्त्याच्या कर्णावर सुटे सुटे मांडायचे, तुकड्यांची विस्थापने आणि संपूर्ण संरचनेची विस्थापने यांचे नाते सांगणारा दुसरा तक्ता तयार करायचा, आणि त्या दुसऱ्या तक्त्याने दोन्ही बाजूंनी गुणायचे. गणिताच्या दृष्टीने ही मांडणी देखणी आहे. पण त्या दुसऱ्या तक्त्यातील जवळपास सगळी घरे शून्य असतात, आणि शून्यांचा गुणाकार करण्यात यंत्राची स्मृती व वेळ दोन्ही वाया जातात. नोव्हेंबर १९५९ मध्ये जर्मनीतील आखेन येथे नाटोच्या विमानविषयक सल्लागार मंडळाच्या बैठकीत टर्नर यांनी ‘डायरेक्ट स्टिफनेस मेथड’, म्हणजे थेट ताठरता पद्धत, या नावाने निबंध वाचला आणि या गुणाकारांची गरजच नाही असे प्रतिपादन केले : प्रत्येक तुकड्याचा तक्ता तयार होताच त्यातील आकडे मोठ्या तक्त्यातील आपापल्या घरांत सरळ मिळवत जावे.

वरच्याच दोन गाळ्यांच्या तुळईवर हे असे घडते. प्रत्येक बिंदूला दोन विस्थापने धरायची, एक उभे सरकणे आणि एक वळणे. तीन बिंदूंची मिळून सहा, म्हणून मोठा तक्ता सहा ओळींचा आणि सहा स्तंभांचा. प्रत्येक गाळ्याला दोन टोके, म्हणून त्याचा तक्ता चार बाय चारचा. पहिल्या गाळ्याचा तक्ता मोठ्या तक्त्याच्या एक ते चार क्रमांकांच्या ओळी-स्तंभांत बसतो, दुसऱ्याचा तीन ते सहांत; तिसरी आणि चौथी ओळ दोघांच्या वाट्याची, कारण ती ब या सामाईक बिंदूची, आणि तेथल्या चार घरांत दोन्ही आकड्यांची बेरीज होते. पहिल्या व पाचव्या क्रमांकांना एकमेकांशी जोडणाऱ्या घरांत शून्यच राहते, कारण अ आणि क यांना थेट जोडणारी तुळई नाही. असा पूर्ण भरलेला तक्ता आहे तसा सोडवता येत नाही : आधार अजून सांगितलेलेच नाहीत, त्यामुळे तुळई न वाकता सबंधच्या सबंध वर सरकू शकते किंवा कलू शकते, आणि त्या हालचालीला तक्त्यात काहीच विरोध नसतो. आधारांनी रोखलेल्या विस्थापनांच्या ओळी आणि स्तंभ काढून टाकले की सहापैकी फक्त ब येथील वळण उरते, आणि त्याच्या घरात क्रॉस यांच्या हिशेबातील तीच बेरीज असते.

हा साधेपणा सर्वांना तत्काळ पटला असे नाही. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात आणि पुढे श्टुटगार्ट येथे काम करणारे ग्रीक अभियंते जॉन आर्गिरिस यांनी १९५४-५५ मध्ये ‘एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग’ या मासिकातून प्रसिद्ध केलेल्या विस्तृत लेखमालेत बल पद्धत आणि विस्थापन पद्धत या एकमेकींची प्रतिबिंबे आहेत, एकीचे प्रत्येक सूत्र दुसरीत रूपांतरित करता येते, हे मोठ्या सामर्थ्याने दाखवले होते. स्वीडनमध्ये साब कंपनीतील लांगेफोर्स यांनी १९५२ मध्ये आणि अमेरिकेत गॅब्रिएल क्रॉन यांनी त्याआधी १९४४ मध्ये, विजेच्या जाळ्यांच्या गणिताचा आधार घेऊन, संरचनांची जोडणी मॅट्रिक्सने मांडली होती. सिद्धांताच्या सौंदर्यात टर्नर यांचा निबंध आर्गिरिस यांच्या लेखमालेच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही १९६० चे दशक संपेपर्यंत थेट ताठरता पद्धत जिंकली, आणि तिच्या विजयाचे कारण अचूकता नव्हे, कारण दोन्ही पद्धतींची उत्तरे सारखीच असतात. बल पद्धतीत जादा बले निवडताना अभियंत्याला नजर लागते, चुकीची निवड केली तर समीकरणे डळमळीत होतात, आणि ही नजर यंत्राला देणे अवघड होते. विस्थापन पद्धतीत निवड करण्यासारखे काही नसतेच. सांधे मोजा, प्रत्येकाची विस्थापने मोजा, बेरीज करा. माणसासाठी जो दोष होता, म्हणजे अज्ञात राशींची विपुलता, तो यंत्रापुढे दोष उरला नाही.

सुरुवातीच्या यंत्रांपुढेही तो काही काळ दोष होता, हे मान्य करायला हवे. बर्कलीमध्ये क्लफ यांना मिळालेल्या आयबीएम ७०१ यंत्रावर सुमारे ४० समीकरणांपर्यंतच मजल जात असे. सप्टेंबर १९६० मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत त्यांनी वाचलेल्या निबंधात ‘फायनाइट एलिमेंट मेथड’ हे नाव प्रथम छापले गेले, आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी पुढच्या वर्षांत ही पद्धत सर्वसाधारण प्रोग्रॅमांत उतरवली. स्मृतीच्या टंचाईवर उपाय तक्त्याच्या रचनेतच होता. ५० गाळ्यांच्या सलग तुळईला ५१ बिंदू आणि १०२ विस्थापने असतात, म्हणजे पूर्ण तक्त्यात १०,४०४ घरे. पण बिंदूंना डावीकडून उजवीकडे ओळीने क्रमांक दिले तर शून्य नसलेले सगळे आकडे कर्णालगतच्या एका अरुंद पट्ट्यात येतात, आणि तक्ता कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखाच असल्याने प्रत्येक ओळीतील चारच घरे, म्हणजे एकूण फार तर ४०८ आकडे साठवावे लागतात. क्रमांक कसेही दिले तर पट्टा रुंदावतो. म्हणून क्रमांक देण्याची रीत हाच एक अभ्यासविषय झाला आणि १९६९ मध्ये कटहिल व मॅकी यांची त्याविषयीची प्रसिद्ध कृती आली. अशा सममित तक्त्यांचे निरसन करण्यासाठी जी रीत सर्रास वापरली गेली, ती पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये मारले गेलेले फ्रेंच सैन्याधिकारी शोलेस्की यांनी भूमापनासाठी शोधली होती आणि ती त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रकाशित झाली होती. १९७० मध्ये ब्रूस आयर्न्स यांनी एक पाऊल पुढे टाकले : तुकड्यांची बेरीज आणि समीकरणांचे निरसन त्यांनी एकाच वेळी चालवले, एखाद्या विस्थापनाच्या घरात शेवटचा आकडा मिळवला गेला की ते विस्थापन तत्काळ निरसून बाहेर काढायचे. या फ्रंटल पद्धतीत पूर्ण तक्ता कोणत्याही क्षणी अस्तित्वातच नसतो.

अभियंत्याच्या टेबलापर्यंत ही सगळी यंत्रणा पोहोचवली ती वापरायला सोप्या प्रोग्रॅमांनी. एमआयटीमध्ये स्टीव्हन फेन्व्हझ आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या, आणि १९६४ मध्ये ज्याची पुस्तिका निघाली त्या ‘स्ट्रेस’ प्रोग्रॅममध्ये अभियंत्याने सांध्यांचे स्थान आणि प्रत्येक अवयव कोणत्या दोन सांध्यांना जोडतो इतके लिहून द्यायचे असे. कोणता आकडा कोणत्या घरात मिळवायचा हे या दुसऱ्या माहितीवरूनच ठरते. मुंबई-पुण्याच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटांच्या कचेऱ्यांत परिचित असलेल्या ‘स्टॅड’च्या फाइलमधील ‘मेंबर इन्सिडेन्सेस’ या शीर्षकाखालच्या ओळी नेमके हेच काम करतात. नासाने आपल्या संस्थांसाठी करून घेतलेला नॅस्ट्रान हा प्रोग्रॅमही विस्थापन पद्धतीवरच उभा होता, आणि १९७० च्या सुमारास तो बाहेरच्या उद्योगांना मिळू लागल्यावर बल पद्धतीचा व्यावहारिक पक्ष जवळपास संपला. वर्गात शिकवण्याजोगी पाठ्यपुस्तकेही त्याच काळात आली. त्यांतील एक आरंभीचे पुस्तक, १९७२ मधले, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर चंद्रकांत देसाई आणि जॉन एबल यांचे होते.

रे क्लफ यांनी मात्र तोवर आपले लक्ष पुन्हा प्रयोगांकडे वळवले होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी बर्कलीच्या रिचमंड येथील केंद्रात २० फूट लांब आणि २० फूट रुंद असा भूकंपाचे धक्के देणारा मंच उभा राहिला, आणि त्यावर चौकटी ठेवून, त्या मोडेपर्यंत हलवून, गणिताची उत्तरे तपासण्याच्या कामात त्यांनी पुढची वर्षे घालवली. गणित आता मोजमापांच्या फार पुढे गेले आहे, असे त्यांचे मत झाले होते.